औषधाच्या रकान्यातलं ‘नाही’

आमच्या गावात आजही कुणी विचारलं की कड्यावरची गिधाडं कशानं मेली, तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं आहे. टेम्पोवाल्यानं मारली. त्यानं रस्त्यावरचा बेवारस रेडा उचलून आणला, रेड्यात औषध होतं, ते खाऊन पाखरं मेली. हे उत्तर खोटं आहे. ते खोटं असल्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, कारण गिधाडांच्या पोटात जे गेलं ते माझ्या सहीनं गेलं. हे सांगायला मला बारा वर्षं लागली. सांगितलं तेव्हा कुणाला पटलं नाही. म्हणून आता लिहितो आहे. वय अठ्ठ्याहत्तर आहे, एका बैठकीत पान पुरं होत नाही, पण अजून हात चालतो आहे तोवर हे उरकलेलं बरं.

नोकरीत मी कापसाचा ग्रेडर होतो. खरेदी केंद्रावर कापसानं भरलेली बैलबंडी आली की खांद्यापर्यंत हात आत घालायचा, मधला कापूस मूठभर ओढून काढायचा, दाबून पाहायचा, सरकी दाताखाली धरायची. वरचा कापूस आम्ही पाहतच नसू. वरचा सगळ्यांचाच चांगला असतो. शेतकरी म्हणायचा, ‘साहेब, कोरडा खणखणीत हाये.’ आणि हाताला कळायचं की आत पाणी मारलेलं आहे. सव्वीस वर्षं मी हाताचं ऐकलं, तोंडाचं नाही. त्या कामाचा मला अभिमान होता, हेही लिहून ठेवतो. माणूस बोलायला लागला की मी त्याचं बोलणं संपायची वाट पाहत असे, ऐकत नसे.

पुढे केंद्रं एकेक करून बंद पडली. मी गावी परतलो. आमचं गाव घाटाखाली, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. वर काळ्या खडकाचा कडा आहे. त्याच्या कपारींत गिधाडं राहायची आणि त्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ दोन कोसांवरून दिसायचे. माझ्या लहानपणी ढोर मेलं की तासाभरात आभाळात भोवरा फिरायला लागे. मी परत आलो तेव्हा कड्यावरचे ओघळ धुऊन गेले होते. मोजून सात घरटी उरली होती.

गावही बदललं होतं. बीटी कापसाचं बियाणं आलं तशी सगळ्यांनी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी लावली. ज्वारी गेली. ज्वारीबरोबर कडबा गेला आणि कडब्याबरोबर ढोरं गेली. ज्या घरात सहा ढोरं होती तिथं एक बैलजोडी राहिली, तीही अर्धपोटी. त्या जोडीवरच सगळं काम. बैलाचा पाय सुजला, जू घासून खांदा आला, तरी त्याला बसू देणं परवडत नव्हतं. सूज आणि दुखणं मारणारं एक इंजेक्शन होतं, टोचलं की लंगडा बैल चार दिवस चालायचा. जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली होती, पण माणसांसाठी तेच औषध मेडिकलमध्ये मिळत होतं. हे औषध अंगात असताना ढोर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं की दोन-तीन दिवसांत गिधाडं मान खाली टाकतात आणि मरतात.

हे आम्हाला सांगितलं शहरातून गिधाडांचा अभ्यास करायला आलेल्या एका बाईंनी. गाव त्यांना मॅडम म्हणायचं. त्यांच्या सांगण्यावरून गावानं समिती केली. कड्याखालच्या पडीक जमिनीला कुत्री येऊ नयेत म्हणून तारेचं कुंपण घातलं. गावात ढोर मेलं की ते तिथं टाकायचं. मात्र औषध दिलेलं असेल तर टाकायचं नाही, खोल खड्ड्यात पुरायचं. लोकांनी त्या जागेला खानावळ नाव दिलं. पारावर बसलेली माणसं विचारायची, ‘काय साहेब, आज खानावळीत काय हाये?’ ‘कालचंच.’ ‘वाढपी कोण?’ अशी थट्टा चालायची, पण कुंपणाचे खांब गावानं स्वतः रोवले होते.

ढोरं वाहून आणायचं काम टेम्पोवाल्याकडे आलं. गावातल्याच मुसलमान कुटुंबातला, तेव्हा चाळिशीचा. एरवी तो चारा, कांदे, कापसाची गाठोडी वाहायचा. नोंदवही माझ्याकडे आली, कारण माझं अक्षर चांगलं होतं आणि माझ्या शब्दाला मान होता. वहीत रकाने होते. मालक, जनावर, कशानं मेलं, आणि शेवटचा रकाना, औषध दिलं होतं का. तिथं ‘हो’ किंवा ‘नाही’.

पहिल्या वर्षी खानावळीत काहीच पडलं नाही, कारण प्रत्येक मालक ‘हो’ म्हणत होता.

‘औषध दिलं होतं का?’

‘दिलं ना बापा. ढोराले तसंच मरू देणारा वाटलो काय मी तुम्हाले?’

‘कोणतं दिलं?’

‘भारीतलं.’

‘नाव काय त्याचं?’

‘नाव डॉक्टरले माहीत.’

‘कोणते डॉक्टर?’

‘ते... मोटरसायकलवाले.’

मॅडम चक्रावून गेल्या. मला कारण कळत होतं. आमच्याकडे बैल मेला की शेजारपाजारचे भेटायला येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, दवापाणी केलं होतं काय? ती चौकशी नसते, सांत्वन असतं. त्याला एकच उत्तर असतं, हो. ‘नाही’ म्हणणं म्हणजे मीच मारला असं म्हणण्यासारखं. आणि आम्ही वही घेऊन नेमका तोच प्रश्न विचारत होतो, ढोर अजून दारात पडलेलं असताना.

त्यावर तोड काढली टेम्पोवाल्यानं. मी मालकाशी बोलत असलो की तो पाणी प्यायच्या निमित्तानं मागच्या दारी जायचा. घरातल्या बाईला विचारायचा, ‘भाभी, सुई कधी टोचली होती?’ बाई सांगायची, ‘कुठची सुई न कुठचं काय.’ मग तो गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत, कोनाड्यात पाहायचा. रिकामी बाटली आमच्याकडे कुणी फेकत नाही, ती देवळीत उभी असते. परत येऊन मालकाच्या पाठीमागून तो मला मानेनं सांगायचा, हो की नाही. मी तसं लिहायचो. मालकाची इज्जत राहायची, गिधाडांना खायला मिळायचं.

तीन वर्षं असं चाललं. सात घरट्यांची अकरा झाली. पिल्लं उडायला लागली तेव्हा गावानं खानावळीजवळ शाळेची मुलं नेली, वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत मी मधोमध वही घेऊन उभा होतो. टेम्पोवाला फोटोत नव्हता. तो त्या वेळी टेम्पो धूत होता.

त्या तीन वर्षांत मला वाटायला लागलं की मालकाचा चेहरा पाहून मला कळतं. टेम्पोवाला मागून मान हलवायच्या आधीच मी मनात उत्तर ठरवलेलं असायचं, आणि ते बरोबर निघायचं. ते शिकायला नको होतं.

माघ महिना होता. घरट्यांत पिल्लं होती आणि तीन आठवडे खानावळ रिकामी होती. दोन दिवसांनी मॅडम बाहेरगावचे पाहुणे घेऊन येणार होत्या. आमचं काम पाहून दुसऱ्या गावांनी तसं करावं, असा बेत होता. कुंपणात एकही पाखरू उतरलेलं नाही असं त्यांना दिसू नये, ही माझी इच्छा होती. हेही मी लपवत नाही.

अशात बैल मेल्याचा निरोप आला. मालक माझ्याच वयाचा, शाळेतला सोबती. चिक्कू म्हणून सगळ्या गावाला माहीत. चहा पाजला तर साखर डब्यातच राहिली असं लोक म्हणायचे. बैल शेतातल्या गोठ्यात मेला होता. शेवटच्या वेचणीचा कापूस घरी आणायचा राहिला होता आणि बैलाचा पुढचा पाय महिनाभर सुजलेला होता.

मी वही उघडली. ‘औषध?’

तो बैलाकडे पाहत म्हणाला, ‘दिलं. चार दिवस सुई टोचली. कालही टोचली. उपेग नाही झाला.’

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हा माणूस बैलाच्या पायावर इंजेक्शनचा खर्च करील? मला हसू आलं, ते मी दाबलं. इज्जतीसाठी बोलतो आहे, असं मी ठरवलं आणि रकान्यात ‘नाही’ लिहिलं. त्याला ते दिसलं नाही. टेम्पोवाल्याला दिसलं.

बैल टेम्पोत चढवल्यावर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘साहेब, भाभी इथं नाही. ते गावातल्या घरी हाये. गोठ्याले देवळीच नाही. मले काही पाहताच नाही आलं. आपण खड्डा करू.’

‘अरे, त्याला ओळखतो मी साठ वर्षं.’

‘पण तो म्हणून राह्यला ना, टोचली म्हणून.’

‘सगळेच म्हणतात.’

‘हा तसा नाही म्हणला, साहेब. कालही टोचली म्हणला. आपण घरी जाऊन भाभीले विचारू. दहा मिनटं लागतीन.’

मी म्हणालो, ‘सव्वीस वर्षं शेतकऱ्याचा शब्द ऐकला मी. तू खानावळीकडे घे.’

त्यानं घेतला. दुपारी आभाळात भोवरा फिरला. मी घरी जाऊन समाधानानं जेवलो. पाहुण्यांचं येणं मात्र ऐनवेळी पुढे ढकललं गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक गिधाड कड्याखालच्या मोहाच्या झाडावर मान छातीत घालून बसलेलं मी पाहिलं. झोपलं असेल असं स्वतःला समजावलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी घाटात ट्रकनं उडवलेला एक रेडा टेम्पोवाल्यानं आणला. मालकाचा पत्ता नव्हता. छाती फुटलेली होती, मी नोंद केली. मग पाखरं पडायला लागली. झाडाखाली, कड्याच्या पायथ्याशी, एक तर खानावळीच्या तारेवर लटकलेलं. घरट्यांतली पिल्लं आठवडाभर दिसत होती, मग दिसेनाशी झाली. मॅडमनी मेलेली पाखरं तपासायला पाठवली. उत्तर आलं, तेच औषध.

पंचायतीसमोर बैठक झाली. त्या आठवड्यात दोनच जनावरं आली होती, बैल आणि रेडा. बैलाचा मालक सगळ्यांसमोर उठून म्हणाला, ‘माहा बैल तं यायनं पुरला. मी सांगतलंच होतं यायले, सुई टोचली म्हणून.’ तो खरंच तसं समजत होता. त्यानं खरं सांगितलं होतं, तेव्हा बैल खड्ड्यातच गेला असणार, यात त्याला शंका नव्हती.

वही माझ्या मांडीवर होती. कुणी ती मागितली नाही. माझ्याकडे वही मागायची गावाला सवय नव्हती.

‘मंग राह्यला रेडा,’ कुणीतरी म्हणालं. ‘कुठून आणला व्हता बे?’

टेम्पोवाला म्हणाला, ‘घाटातून. गाडीनं उडोला होता. त्याच्या आधीच एक पाखरू मान टाकून बसलं होतं. साहेबाले माहीत हाये.’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ‘बेवारस जनावराचं काही सांगता येत नाही.’

एवढंच बोललो. वाक्य चुकीचं नव्हतं. बेवारस जनावराचं खरंच काही सांगता येत नाही. टेम्पोवाला माझ्याकडे पाहत राहिला, मग त्यानं मान वळवली. मला वाटलं, आता तो बोलेल, खड्डा कुठे आहे ते दाखवा म्हणेल. तो बोलला नाही.

पुढचं गावानं आपोआप केलं. त्याला चाऱ्याला बोलावणं बंद झालं, मग कांद्याला. पारावरून आवाज यायचे, ‘काय बे, आज कोणाले मारून आला?’ सुरुवातीला ती थट्टा होती. मग त्याच्या घरच्या बाईंना पिठाच्या गिरणीवर कुणी तेच बोललं. वर्षाच्या आत त्यानं बिऱ्हाड नांदुऱ्याला हलवलं. समिती मोडली, तारा कुणी कुणी काढून नेल्या. बैलाचा मालकही दोन-तीन वर्षांनी वारला. मी त्याच्या तेराव्याला जेवलो.

मी का बोललो नाही, याचं मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. लाज वाटली, एवढंच आहे. आणि लाजेला एकदा एक दिवस दिला की ती वर्षं मागते.

गेल्या हिवाळ्यात मॅडम परत आल्या. केस पांढरे झालेले. कड्यावर गिधाडांच्या दोन जोड्या आल्या होत्या. खानावळ पुन्हा सुरू करायची, समितीत तुम्ही या, म्हणाल्या. वाहतुकीचं निघालं तेव्हा बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, ‘कोणीही चालन. तो टेम्पोवाला सोडून.’ बाकीचे हसले. टेम्पोवाल्यानं जवळजवळ एक तप गावात पाय टाकला नव्हता, आणि त्याचं नाव अजून तसंच बदनाम होतं.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं नांदुऱ्याला गेलो. तो धान्य बाजारात सापडला. दाढी पांढरी, कमरेला पट्टा. टेम्पो विकला होता, आता दुसऱ्याची गाडी चालवत होता. मला पाहून त्यानं पोतं खाली ठेवलं.

‘साहेब? इकडं कसे?’

मी उभ्या उभ्याच सांगितलं. तो बैल, ती नोंद, ती बैठक. त्याला माहीत नसलेलं त्यात काहीच नव्हतं. शेवटी माफी मागितली.

त्यानं मला पोत्यावर बसवलं, चहा मागवला. मग म्हणाला, ‘त्या दिवशी मी वाट पाहून राह्यलो होतो, तुम्ही बोलसान म्हणून. दुसऱ्या दिवशीबी पाह्यली. मंग मले समजलं.’

‘तू का नाही बोललास?’

‘मी बोललो असतो तं कोणी ऐकलं असतं? एकीकडं तुम्ही, एकीकडं मी.’ तो हसला. ‘तुम्हीच ऐकलं नव्हतं, साहेब. मी तं म्हणतच होतो, खड्डा करू.’

मी चहा प्यायलो. तो म्हणाला, ‘मले माफी नका मागू. गावात सांगा. आणि मी नसताना सांगा. मी उभा राह्यलो तं म्हणतीन, यानंच बोलाले लावलं म्हाताऱ्याले.’

मी ग्रामसभेत उभा राहिलो. वही घेऊन गेलो होतो, ते पान काढून दाखवलं. जे घडलं ते सगळं सांगितलं. लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, झालं.

मग सरपंच उठले. म्हणाले, ‘साहेबांचं मन मोठं. त्या गरिबाचं नाव मोकळं व्हावं म्हणून या वयात स्वतःच्या अंगावर घेऊन राह्यले.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हणालो, ‘अहो, हे खरं आहे.’

‘हाव, हाव. बसा साहेब, दम लागला तुम्हाले.’

कुणीतरी मला हाताला धरून बसवलं. तेव्हा बायकांतून बैलाच्या मालकाची बायको उठली. तिला नीट उभं राहता येत नव्हतं. म्हणाली, ‘खरं सांगून राह्यले ते. मेडिकलातून बाटली मी आणली होती. बैल उठला पाह्यजे, एवढंच आमच्या घरच्याचं म्हणणं होतं. मले कोणी इचारलंच नाही तवा.’

 मग मागून आवाज आला, ‘म्हंजे त्या चिक्कूनं मारली व्हय गिधाडं!’ आणि सभा हसली. ती बाई उभीच होती.

मी पुन्हा उठलो. तो खरं बोलला होता, त्यानं मला तोंडावर सांगितलं होतं, असं ओरडून सांगितलं. माझा आवाज पोचला की नाही कोण जाणे. विषय पाण्याच्या टाकीकडे वळला होता. एक दोष टेम्पोवाल्यावरून उचलून मी मेलेल्या माणसावर ठेवून आलो होतो, आणि त्याची बायको तिथं ऐकत होती.

रात्री फोनवर टेम्पोवाल्याला सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘लिहून द्या, साहेब. लिहिलेल्याले टाळ्या नाही वाजवता येत.’

तर लिहून देतो. बैलाच्या मालकानं औषध दिल्याचं मला स्पष्ट सांगितलं. टेम्पोवाल्यानं बैल पुरायला सांगितलं, आणि घरी जाऊन विचारू असंही सांगितलं. दोघांचंही मी ऐकलं नाही आणि औषधाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. रेड्याच्या आदल्या दिवशी पहिलं गिधाड मान टाकून बसलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. बैठकीत मी हे लपवलं. या दोघांपैकी कुणाचाही यात दोष नाही.

याची एक प्रत मी पंचायतीत देतो आहे, एक बैलाच्या मालकाच्या घरी, त्याच्या बायकोकडे. नव्या समितीत मी बसणार नाही. शेवटचा रकाना कुणी भरायचा, ते गावातल्या बायकांना विचारून ठरवावं. आणि नांदुऱ्याला टेम्पोवाल्याकडे चार माणसांनी जावं. मी जाऊन आलो, त्याचा उपयोग नाही. त्याला मी गावाबाहेर काढलं नव्हतं, गावानं काढलं होतं. तो येईल की नाही ते त्याचं त्यानं पाहावं. गावानं जावं मात्र, आणि जाताना माझ्या मोठ्या मनाबद्दल कुणी काही बोलू नये.